लॅम्बर्टच्या कुरणातले लावे

३ मार्च, सोमवार
नवी वही. बायकोने, मार्लिसने आणून दिली. म्हणाली, रोज मला सांगतोस ते इथे लिही.

आज जमीन-संवर्धन ऑफिसची रेने येऊन गेली. आमचं अडतीस एकरांचं कुरण सरकारी करारात आहे. नांगरायचं नाही, पिकवायचं नाही, पाखरांसाठी गवत राखायचं. सात वर्षं मी ते मनापासून केलं, म्हणजे काहीच केलं नाही. आता रेने म्हणते, गवत फार माजलंय. लाव्याचं पिल्लू अंगठ्याएवढं असतं, त्याला या जाळीतून पाऊल टाकता येत नाही. एक तृतीयांश भागावर ट्रॅक्टरमागे हलकी डिस्क, म्हणजे तव्यांचा कुळव, फिरवा, माती मोकळी होऊ द्या, तण येईल, तणावर किडे येतील. पण १ मेच्या आत. तिथून १५ जुलैपर्यंत पाखरं अंड्यांवर असतात, तेव्हा काडीलाही हात लावायचा नाही.

मी म्हटलं, आठवड्याचं काम आहे.

लगेच केअर होममध्ये जाऊन लॅम्बर्टना सांगितलं. लॅम्बर्ट म्हणजे मार्लिसचे वडील, वय एक्क्याण्णव. कुरण मुळात त्यांचं. या उन्हाळ्यात तुम्हाला लाव्याची शीळ ऐकवतो, असा शब्द दिला. तीस वर्षांत त्यांनी ती ऐकलेली नाही. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

१० मार्चपर्यंत संपवणार.

११ मार्च
वारा. वाऱ्यात डिस्क चालवली तर माती उडते. शेजारी ड्वेन दिवसभर चालवत होता. त्याची माती वेगळी आहे.

२६ मार्च
डिस्क ड्वेनकडेच आहे. माझीच आहे, पण सहा वर्षांपूर्वी त्याला दिली. आता एकदम परत मागणं बरं दिसत नाही. मार्लिस म्हणाली, फोन कर. म्हटलं, उद्या. सकाळी माणसाचा मूड चांगला असतो.

६ एप्रिल, रविवार
लॅम्बर्टनी विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, चालू आहे. तसं चालू आहेच. विचार चालू आहे. त्यांनी आपल्या वाटणीचा कोलाच, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव, माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तू राबतोयस, तू खा. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. खाल्ला. 

२२ एप्रिल
ड्वेनने स्वतःहून डिस्क आणून दिली. वर तेलपाणी करून. मार्लिसने त्याला फोन केला असणार. आता कुठलंच कारण उरलेलं नाही.

गुडघा दुखतोय.

३० एप्रिल, संध्याकाळी पावणेसहा
पूर्वेच्या कडेला तीन फेऱ्या झाल्या. मग डिस्कचं बेअरिंग गेलं. यंत्रापुढे माणूस काय करणार? वही माझीच आहे म्हणून खरं लिहितो. बेअरिंग साडेचारला गेलं आणि मी सुरू केलं चारला.

१ मे
आजपासून बंदी. सकाळी उठलो तर अंग हलकं वाटत होतं. नाश्त्यापर्यंत त्या हलकेपणाची लाज वाटायला लागली. मार्लिसने अंडी जरा जोरात फोडली एवढंच.

२५ मे, रविवार
आज एक गोष्ट झाली. लॅम्बर्टनी विचारलं, शीळ ऐकलीस का? तोंडातून हो निघून गेलं. शीळ ऐकली होती हे खरं आहे. ड्वेन कुत्र्याला बोलावत होता असं मला वाटतं. पण लॅम्बर्ट उठून बसले. जेवणाच्या हॉलमध्ये व्हीलचेअर फिरवत टेबला-टेबलाला सांगत सुटले, माझ्या जावयाने लावे परत आणले. एक आजीबाई माझ्याशी हात मिळवायला आल्या.

परतीचे अकरा मैल मार्लिस खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारपासून खोटं बंद.

१४ जून, शनिवार
उद्या फादर्स डे. लॅम्बर्टना कुरणात न्यायचं ठरलंय. त्यांनीच मागितलं. पण छातीएवढ्या गवतात व्हीलचेअर जाणार कशी? म्हणून गवत कापायच्या यंत्राने, मोअरने, फक्त एक पट्टा कापायचा ठरवला. नियम आहे मान्य, पण नियम लिहिणाऱ्याला लॅम्बर्ट कुठे माहीत होते? दहा मिनिटांचं काम.

चौथ्या मिनिटाला चाकाजवळून पाखरू उडालं. थांबलो. खाली उतरलो.

घरटं होतं. लाव्याचं. चौदा अंडी, त्यातली तीन शाबूत. मादी थोड्या अंतरावर एक पंख ओढत, लंगडल्यासारखी पळत होती, मला दुसरीकडे न्यायला. मी घरट्यापाशीच उभा राहिलो.

म्हणजे लावे होते. मी थाप मारली तेव्हाही होते.

गाडीत बसून दोन तास वाट पाहिली. मादी परत आली नाही. मार्लिसला सांगितलं, मोअर जरा तपासत होतो.

१५ जून, रविवार
लॅम्बर्टना पट्ट्यावर नेलं. मान तिरकी करून तासभर ऐकत बसले. काहीच नाही. मी म्हटलं, आज ऊन फार आहे, अशात बोलत नाहीत. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला, तेच सहन होईना.

मी सगळं सांगून टाकलं. मार्चपासूनचं. वारा, गुडघा, ड्वेनचं कुत्रं. शेवटी म्हटलं, "काल इथे घरटं होतं, लॅम्बर्ट. मी त्यावरून मोअर घातला."

मार्लिस मागे उभी होती. तिने हातातला थर्मास खाली ठेवला.

लॅम्बर्टनी गवताकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"बावन्न वर्षं मी दर जूनमध्ये हे कुरण कापलं," ते म्हणाले. "गवत कोवळं असतं, गाईंना आवडतं. चाकाखाली घरटी जायची. मला कळायचं. मी एकदाही खाली उतरलो नाही, एल्डन. लावे कुठे गेले असं तुला वाटत होतं?"

 आयुष्यातलं सर्वांत मोठं पाप घेऊन मी त्यांच्यापुढे गेलो होतो आणि त्यांच्याकडे त्याच्या बावन्नपट निघालं.

मग म्हणाले, "आणि पट्टा कापायची गरज नव्हती. मला रस्त्यावरून ऐकू आलं असतं."

२ जुलै
रेनेला फोन करून कबूल केलं होतं, आज ती आली. नोंद करावीच लागेल म्हणाली, केली. म्हणाली, मादी दुसरं घरटं बांधते बहुतेक वेळा, तिला एकटं सोडा. मग पूर्वेच्या कडेला गेली. माझ्या त्या तीन वाकड्या फेऱ्यांत तण कमरेला आलंय, खाली माती मोकळी, सगळीकडे किडे. म्हणाली, असंच हवं होतं, उरलेलंही पानगळीत असंच करा. असंच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. चिडून आणि उशिरा, हे तिला कुठे सांगत बसू?

९ सप्टेंबर, मंगळवार
झालं. बारा एकर. मार्लिसने ट्रॅक्टर चालवला. मी काठी घेऊन पुढे चालत गवत चाळत होतो. आता घरटी नसतात हे ठाऊक आहे, तरी चालत होतो. मार्लिसने एकदाही लवकर कर म्हटलं नाही. एकूण दोन तास चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ दोनदा बघितलं.

संध्याकाळी केअर होममध्ये गेलो. लॅम्बर्टना हल्ली कमी ऐकू येतं, कानाशी जाऊन सांगावं लागतं. झालं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि हसले. मग विचारलं, किती वेळ लागला?

त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही हे जूनमध्येच ठरवलं होतं.

म्हटलं, अख्खा दिवस.

म्हणाले, मग दमला असशील, बस.

बसलो.