घाटातली सायकल सफर आणि मी, प्रमुख

३ जानेवारी
साहेबांनी आज ऑफिसात बॉम्बच टाकला. म्हणे, बसच्या खिडकीतून डोंगर बघायला आता कुणी येत नाही. लोकांना डोंगर चढायचाय, पळायचंय, सायकल मारायचीय. म्हणून आपल्याकडे स्पोर्ट्स टुरिझमचं नवं डिपार्टमेंट. प्रमुख कोण? माझा हात आपोआप वर गेला. सायकल येते का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, रक्तातच आहे.
बस-बुकिंगचं टेबल बंद होणार, हेही ते जाता जाता बोलले. ते टेबल माझंच. पण आता काय काळजी?

५ जानेवारी
उद्यापासून सराव.

६ जानेवारी
हेल्मेट आणलं. घालून आरशासमोर बसलो. शोभतं. बायको म्हणाली, सायकल कुठाय? हिला प्लॅनिंग कळत नाही.

१४ जानेवारी
बायको घरोघरी शिकवण्या घेते, दिवसभर सायकलवर असते. तिचीच सायकल पार्किंगमध्ये काढली. ती मागून कॅरिअर धरून पळत होती. सोडताना सांगायचं ठरलं होतं. सांगितलं नाही. कुंपणाची जाळी वाकली. तकलादू माल.

२ फेब्रुवारी
सरावाला वेळच नाही. जाहिरात लिहितोय: ‘अनुभवी लीडरसह घाटातली सायकल सफर.’ अंगावर काटा आला.

१९ फेब्रुवारी
एक गिऱ्हाईक आयत्या वेळी गळालं. बायकोला घेतलं. तिलाही तेवढाच बदल.

२१ फेब्रुवारी, घाट
सगळ्यांना पुढे सोडलं. खरा लीडर मागून लक्ष ठेवतो. पहिल्याच चढाला सायकल ढकलतानाच पोटऱ्यांत गोळे आले. सत्तरी ओलांडलेल्या, बँकेतून रिटायर झालेल्या बाई “येताय ना, लीडर?” म्हणत पुढे गेल्या. मी सामानाच्या टेंपोत बसलो. तिथून रस्त्याचा नीट अंदाज येतो.
माथ्यावर पोचलो तर बायको कुणाची तरी उतरलेली चेन बसवत होती. सगळे तिच्याभोवती. उद्याचा रस्ताही तिलाच विचारत होते. मीच सांगणार होतो, पण मला माहीत नव्हता.

२६ फेब्रुवारी
बसवत नाही, उठवत नाही. आज साहेब प्रमुखाचं नाव पक्कं करणार.
दुपारी साहेबांचा फोन. सरसावून बसलो. म्हणाले, वहिनी आहेत का? फोन दिला. ती बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. बराच वेळ बोलत होती, मधूनच हसतही होती.
आत येऊन म्हणाली, “अहो, घेऊ का हे काम?”
म्हटलं, घे की.
आवाज जरा बसलाय. हवा बदललीये.