वखारीचं दार

माय, अण्णांनी लावलेलं वखारीचं दार मी फोडलं, त्यावर आपण दोघी कधी बोललोच नाही.

देगलूरच्या घरामागच्या त्या एवढ्याशा खोलीला अण्णा ऐटीत वखार म्हणायचे. अर्धापूरहून टेम्पोने हिरवी केळी आणायची, गवतात घालून पिकायला धुरी द्यायची, दार बंद करायचं, आणि उघडायचं ते त्यांनीच. मधे कुणी डोकावलं की घर डोक्यावर घ्यायचे. त्या खेपेला त्यांनी कुलूप घातलं आणि बाजारात चहा पिता पिताच जीव गेला. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, तरी तू रडली नाहीस. नुसती दारापाशी बसून राहिलीस. आंबूस वास घरभर, ताटात चिलटं. मी कुलपाला हात लावला की म्हणायचीस, "त्यांनी लावलंय, तेच उघडतील. तू कशाला घाई करून राहिलीस?"

मला तुझी लाज वाटत होती गं. शेजारणी म्हणायच्या, एकदा रडली की मोकळी होईल. तू आंघोळीला गेलीस तशी मी वरवंट्याने कुलूप फोडलं. तू ओल्या केसांनी धावत आलीस. काळा रस उंबऱ्यापर्यंत आला होता. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. "हवा लागू दिलीस व्हय?" एवढंच म्हणालीस, आणि खाली बसून त्या लगद्यात चाचपू लागलीस. "एखादं तरी बरं निघंल." एकही निघालं नाही, तेव्हा रडलीस. शेजारणींनी माझी पाठ थोपटली आणि मी, माय, खूश झाले. पुढे मरेपर्यंत तू अण्णांचा विषय काढला नाहीस. मला वाटलं, सावरलीस.

आता लातुरात मी एकटी असते. हे थंडीत गेले. त्याआधी त्यांनी स्कूटर औशाला ओळखीच्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला टाकली होती, मीच जाऊन आणीन म्हणाले होते. लेक म्हणते, मी आणते. मी तिच्यावर खेकसते. तुझ्यासारखं शांतपणे सांगणं मला जमत नाही.

हे लिहून तरी धाडू कुठे? सकाळी मिस्त्रीचा परत फोन आला. "ताई, गाडी कधीची तयार हाय. घेऊन जावा की."

"ते येतील न्यायला," मी म्हणाले. तो यांच्या मातीला आला होता, माय. तरी बोलताना मला खोटं बोलतेय असं वाटलं नाही.