हजेरीबाबूच्या ठोक्यांवर लाल खुणा

सेक्टर २, भिलाई
१२ फेब्रुवारी १९८८

श्री. शामरावजी यांस,
मारोतरावाचा सादर नमस्कार. नागपुरात आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचे गुडघे? इथे आपली बहीण वच्छला ठणठणीत आहे. माझं विचारू नका, ते माझ्याआधी अख्ख्या सेक्टरला कळतं.

डॉक्टरांनी माझं लिव्हर वाळून टणक झालं म्हणून सांगितलं आणि त्या दिवसापासून मी दारुडा ठरलो! अहो, जन्मात थेंब नाही घेतला. (आपल्या लग्नात सरबत म्हणून जे दिलं ते सरबतच होतं, असं मी आजही मानतो.) पंचाहत्तर सालच्या काविळीचं हे फळ, असं डॉक्टर घसा फोडून सांगतात, पण ऐकतो कोण? शेजारच्या अंजनाबाईंनी दारू सोडवायचं चूर्ण आणून दिलं, आणि आपल्या बहिणीनं ते दोन दिवस माझ्या वरणात घातलं!

पुढचा अन्याय ऐका. लिव्हर उजवीकडचं, आणि ठोके चुकवतं डावीकडचं हृदय! आमच्या प्लांटमध्येसुद्धा एका खात्याचा मेमो दुसऱ्या खात्याला देत नाहीत (निदान उघडपणे). ईसीजीची पट्टी हातात देऊन मला बाकावर बसवलं. बावीस वर्षं टाइम ऑफिसात उशिरा येणाऱ्यांच्या कार्डावर लाल खूण करणारा माणूस मी. पाहतो तर काही ठोके सरळसरळ उशिरा! खिशात लाल पेन्सिल होतीच. पंधरा खुणा केल्या, दोन ठिकाणी ‘गैरहजर’ लिहिलं.

डॉक्टर कडाडले, "ये लाल निशान किसने लगाए?" बाजूला वच्छलेनं कपाळावर हात मारला, "अवो, इथंबी हजेरी घेऊन राहिले का तुमी?" पट्टी पुन्हा काढावी लागली. मग डॉक्टरांनी माझ्या खुणा तपासल्या, आणि एकही चुकीची निघाली नाही! पण शाबासकी दूरच. लिव्हर असं झालं की ठोक्यानंतर सावरायला हृदयाला जास्त वेळ लागतो, भलत्या औषधानं ते आणखी बिघडतं, म्हणून विचारल्याशिवाय साधी तापाचीही गोळी घ्यायची नाही, असा दम दिला. चूर्णाचं नाव काढताच ते माझ्यावरच ओरडले. खाल्लं मी, घातलं कोणी?

वहिनींना नमस्कार.
आपला,
मारोतराव

ता. क. आमच्या प्रेमलेला आपल्या मुलासाठी पसंत करून गेलेले वर्ध्याचे बाबाराव आता ‘विचार करून राहिलो’ म्हणतात. मुलीचा बाप पितो, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. आपण स्वतः जाऊन त्यांना काविळीचं सांगावं.

ता. क. २. ते कोणीतरी म्हणजे आपणच, हे वच्छलेला कळलं आहे. मला राग नाही. (आहे.)

ता. क. ३. मुहूर्त वैशाखातलाच धरायला सांगा, दिवाळीनंतरचा नको. ठोके उशिरा का होईना, येत राहतील ना, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते पट्टीची घडी घालत बसले. शामरावजी, बावीस वर्षांत मी कोणाला एका मिनिटाची सवलत दिली नाही. पण पोरीच्या लग्नात माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलेलं मला चालणार नाही.