पीळ किती इंचांचा?

३ मार्च
सहाशे मीटरवर दहा गोळ्या. सात बऱ्या, तीन शून्य. डोळा चांगला, हात चांगला, श्वास तर उत्तमच. रायफलवरची नवी दुर्बीणही झकास. पंचवीस पट! पूर्वी टार्गेटांची सगळी रांग, नंबरांच्या पाट्या, झेंडे, असला फापटपसारा दिसायचा. आता फक्त एक काळं वर्तुळ.
म्हणजे दोष बॅरलचा. बॅरलच्या आत पीळ असतो, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते. पीळ सैल आणि गोळी लांब, की ती डुलते आणि भरकटते. माझी भरकटते. क्लबात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, यावरून क्लबाची पातळी कळते.
संकल्प: २९ तारखेच्या निवड स्पर्धेतून टीममध्ये शिरायचंच. बारा वर्षं झाली. बायको म्हणते, यंदा नाही जमलं तर रायफल क्लबाच्या कपाटात आणि माझी खोली मुलीला अभ्यासाला. मुलीने पडद्याचं माप घेऊनही टाकलं. घरच्यांचा विश्वास हा असा.

५ मार्च
पीळ मोजला. सोपं आहे. सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावायची, नळीतून ओढायचा, आणि गजाचा एक फेरा पुरा होईपर्यंत तो किती इंच बाहेर आला ते बघायचं. पहिल्यांदा नऊ. मग चौदा. मग बारा. सरासरी पावणेबारा.
बायकोने विचारलं, लोखंडाची नळी दर वेळी वेगळी कशी भरते? तुम्ही मूठ आवळल्यामुळे गज नीट फिरत नसेल, असंही म्हणाली. विज्ञानात असं होतं, म्हणून सांगितलं.

८ मार्च
बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. त्यांनी बॅरलवरच कोरलेला आठचा आकडा दाखवला. आठ इंचांत एक फेरा, म्हणजे लांब गोळीला हवा तसा घट्ट पीळ. मी म्हटलं, कोरलेलं सगळंच खरं असतं का? ते म्हणाले, गोळी डुलत असेल तर कागदावर भोक लांबट पडतं, तसलं भोक आणून दाखव. मी म्हटलं, भोकच पडत नाही, हाच पुरावा. माझी गोळी इतकी डुलते की कागदापर्यंत पोचतच नाही.
काकांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्याची बंदूक दुरुस्तीला घेतली. पटलं असावं.

९ मार्च
आता आखूड गोळ्या. पावणेबाराला त्याच योग्य. शिवाय रोज पहाटे व्यायाम.

१० मार्च
व्यायाम उद्यापासून.

१४ मार्च
आखूड गोळ्या. पाच शून्य. गोळ्यांची सवय व्हायला वेळ लागतो.
शेजारच्या लेनवर दातांचे डॉक्टर असतात. नेम आजवर यथातथा. आज त्यांनी दहा गोळ्या झाडल्या आणि त्यांच्या टार्गेटवर भोकं पंधरा! मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हणत स्वतःच डोकं खाजवत होते. भोळेपणाचं सोंग.

१५ मार्च, आंघोळीनंतर
उलगडा झाला. डॉक्टरांच्या बॅरलला भलताच घट्ट पीळ आहे. गोळी इतकी गरगरते की हवेतच तिची दोन शकलं होतात. एका गोळीत दोन भोकं. सरळसरळ लबाडी!
क्लबाकडे लेखी तक्रार. स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या टार्गेटची कसून तपासणी व्हावी. अडीच पानं, आकृतीसह. मुलीने शुद्धलेखन तपासलं. मग विचारलं, बाबा, त्यांची जेवढी जास्त, बरोब्बर तेवढीच तुमची कमी कशी? योगायोग, म्हटलं. गणितात कच्ची आहे. हिला खोली देऊन उपयोग नाही.

२२ मार्च
वारा होता. घरीच, मनातल्या मनात सराव. दहापैकी दहा.

२९ मार्च, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. आभाराचं भाषण खिशात. खोलीला हात लावू नका, असं बजावून निघालो.

२९ मार्च, संध्याकाळ
इतका अलगद ट्रिगर मी जन्मात दाबला नव्हता. दहाही शून्य.
माझ्या तक्रारीनुसार पंचांनी डॉक्टरांचं टार्गेट सगळ्यांसमोर टेबलावर आणलं. वीस भोकं. दहा इकडेतिकडे. दहा मधोमध, एका बशीत मावतील अशी. सगळी गोल. पंचांनी माझ्या दुर्बिणीतून बघितलं आणि विचारलं, यातून टार्गेटचा नंबर दिसतो का? नाही दिसत.
दोघांच्या गोळ्या एकाच जाडीच्या, त्यामुळे कुठली कुणाची ते सिद्ध होत नाही. अशा वेळी टार्गेट ज्याचं, त्याला त्यातली सर्वांत चांगली दहा भोकं मिळतात, असा नियम आहे. डॉक्टर टीममध्ये. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. फार सज्जन माणूस आहे.
घरी आल्यावर सांगितलं, क्लबात आजवर कुणी मारला नसेल असा नेम आज मी मारला. मुलगी धावत येऊन बिलगली. मग हळूच विचारलं, म्हणजे टीममध्ये? नाही, म्हटलं. मला वाईट वाटलं. खूपच.
थोड्या वेळाने तिचं टेबल माझ्या खोलीत न्यायला एका बाजूने मी धरलं.