पाण्याची भीती नाही, फक्त काळजी

३ एप्रिल, गुरुवार. दुपारी २ वाजून २० मिनिटे.
'येथे वाहने उभी करू नयेत' या पाटीतल्या 'करू'ला दीर्घ ऊकार देत होतो, तेव्हा मालकांनी बातमी दिली. जूनमध्ये दुसरे दुकान उघडणार. ते सांभाळायला आम्हां दोघांपैकी एक जण लागेल. मी किंवा लांब्या.

डॉक्टरांनी मालकांना चालायला सांगितल्यापासून त्यांना जग व्यायामाच्या चष्म्यातून दिसते. क्रीडा मंडळाच्या पाट्या आपण रंगवल्या, त्यांनी दोन प्रवेशिका फुकट दिल्या. ट्रायथलॉन, पण छोटी. पोहणे, सायकल, धावणे. ११ मे. मालक म्हणाले, हातात ब्रश असला की सगळेच शांत दिसतात, माणूस दमला की खरा कळतो. जो पुरी करेल त्याला दुकान. मग विचारले, पोहता येतं ना दोघांना?

लांब्या हो म्हणाला. मीही हो म्हणालो. माझे हो आधी आले.

यात खोटे काही नाही. मी आजवर पोहून पाहिलेले नाही, त्यामुळे मला येत नाही असे कोणीच सिद्ध करू शकत नाही.

४ एप्रिल.
वेळापत्रक आखले. पोहणे निळ्या शाईत, सायकल हिरव्या, धावणे लाल. अक्षर इतके चांगले आले की अर्धी तयारी झाल्यासारखे वाटते. सुरुवात सोमवारपासून.

७ एप्रिल. पहाटे ५.४०.
धावलो. गल्लीच्या टोकाला कुत्रा होता. तो उभा राहिला, मी उभा राहिलो. बराच वेळ. मग तो बसला, मी परत आलो. थांबून थांबून धावणे शरीराला चांगले असते असे वाचले आहे.

१० एप्रिल.
पोहण्याचा सराव घरी सुरू. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथे पडून हात मारायचे. आई म्हणाली, भाजी कुठे चिरू, तुझ्या पाठीवर? पलंगावर पोह म्हणाली. पलंग मऊ आहे, तंत्र बिघडते.

मग बादलीत तोंड घालून श्वास रोखला. अकरापर्यंत आकडे झाले. आकडे जरा भरभर म्हटले.

१५ एप्रिल.
तरणतलावावर गेलो. दारावर पाटी: टोपीशिवाय प्रवेश नाही. (पाटी आमचीच. मी रंगवलेली.) परत आलो. टोपी खिशात होती, पण नवीन होती. न धुतलेले कापड डोक्याला लावणे योग्य नाही.

१८ एप्रिल.
टोपी धुतली. आज कठड्यापाशी उभे राहून निरीक्षण केले. पाणी इतके स्वच्छ की तळ दिसतो. हे चांगले की वाईट ते ठरवता आले नाही. अलीकडे फरशी फिकट निळी आहे. पुढे ती उतरत जाते आणि गडद होते. त्या गडद भागाकडे पाहिले की पोटऱ्यांत काहीतरी होते. मिठाची कमतरता असावी.

पोहायला शिकवणाऱ्या सरांनी विचारले, येताय का आत? मी म्हणालो, अंदाज घेतोय. ते म्हणाले, घ्या घ्या, पाणी काही वर चढून येणार नाही.

२४ एप्रिल.
शेजारच्या काकांची सायकल मिळाली. मागे कॅरियर, पुढे टोपली. काका म्हणाले, स्पर्धा संपली की येताना अंडी आण. ऊन असे की हँडलला फडके गुंडाळावे लागले.

लांब्याने विचारले, संध्याकाळी पोहायला बरोबर जायचं का. मी म्हणालो, मी सकाळी जातो. तो म्हणाला, सकाळी तर बायकांची वेळ असते. मी म्हणालो, दुसरीकडे जातो. कुठे, असे त्याने विचारले नाही. नुसते बघितले आणि ब्रश धुवायला लागला. कमी बोलणारा माणूस. अशा माणसाच्या पोटात काय आहे ते एक्स-रेमध्येसुद्धा येत नाही.

२ मे.
उष्णतेने लोक चक्कर येऊन पडत आहेत, असे पेपरात आहे. दुकानाच्या फोनवरून मंडळाला फोन केला, आवाज जरा जाड करून. एक जबाबदार नागरिक म्हणून विचारतो, स्पर्धा रद्द होणार का? पलीकडून उत्तर आले, पाटीवाले ना तुम्ही? नाही होणार. सकाळी साडेसहालाच सुरू करतोय, ऊन चढायच्या आत आटपेल.

रद्द व्हावी अशी माझी इच्छा नव्हती. चौकशी केली.

७ मे.
जेवण जात नाही. घास तोंडात फिरतो. आई म्हणाली, तू घाबरलायस. मी म्हणालो, भीती नाही, काळजी आहे. ती म्हणाली, मग काळजी कर आणि जाऊ नकोस, दुकान काय पळून जातंय?

पळूनच जाते आहे. नववी सुटली तेव्हापासून मी तिथे आहे. लांब्या माझ्यानंतर आला. त्याला 'ष' चा पोटातला तिरका फराटा मी शिकवला. उद्या तो नव्या दुकानाचा प्रमुख झाला तर ब्रश धुवायचे टर्पेंटाइन कोणाकडे मागायचे? त्याच्याकडे? प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुकान चालवणाऱ्याचे नाव येते. शहरात माझ्या हातच्या इतक्या पाट्या आहेत, एकीवरही माझे नाव नाही.

तलावात अजून उतरलेलो नाही. आता उतरून उगाच सवय बदलायला नको.

११ मे, रविवार. पहाटे ५.०५.
सर्व तयार. स्वेटर चढवला आहे. थंडी असावी. (थंडी नाही.)

११ मे. संध्याकाळी. पडून लिहितो आहे.
नीट, क्रमाने लिहितो.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. हिरवी झेंडी त्यांच्याच हातून दाखवायची, म्हणून साडेसहाची स्पर्धा पावणेदहाला सुरू झाली. तोवर आम्ही चड्डी-टोपीवर फरशीवर उभे. फरशी इतकी तापली की सगळे खेळाडू एकेका पायावर नाचत होते आणि पाहुण्यांना वाटले वॉर्म-अप चालू आहे. त्यांनी भाषणात कौतुक केले. एका मुलीने मार्करने माझ्या दंडावर नंबर लिहिला. चारचा आकडा फार वाईट काढला. मी तिला दाखवून दिले, पण ती पुढे गेली.

मालक छत्री घेऊन सावलीत बसले होते. त्यांनी मला अंगठा दाखवला.

पोहणे आधी. शिट्टी झाली. टेबलावर केलेले सगळे केले. फरक इतकाच की टेबल खाली असते. निम्म्यापर्यंत मी पायांची बोटे टेकवत गेलो. मग फरशी गडद झाली आणि बोटांखाली काही नव्हते.

यानंतरचे स्पष्ट आठवते. मी ओरडलो, पण तोंडात पाणी गेले. सगळा आवाज बंद झाला. वर उजेड होता आणि तो दूर जात होता. दुकानाचा विचार अजिबात आला नाही. आई टेबलावर भाजी चिरते आहे असे दिसले, आणि तिला कोण सांगणार असे वाटले.

एवढ्यात शेजारच्या पट्ट्यातून, दोरीखालून लांब्या आला. तो पहिल्या तिघांत होता. त्याच्या पायात गोळा आला असावा. त्याने माझ्या काखेत हात घातला, आधारासाठी. मी त्याची मान दोन्ही हातांनी गच्च धरली, बुडू नये म्हणून. त्याच्या मानेवर ओरखडे त्याच गडबडीत उठले. आम्ही असे एकमेकांना धरून भिंतीला लागलो.

पंच म्हणाले, पट्टा सोडला, दोघेही बाद. हौस असेल तर पुढे जा, नंबर लागणार नाही. लांब्या पायरीवर माझ्याशेजारी बसला. माझ्या पोटातून बरेच पाणी निघाले. तो पाठीवर हात फिरवत म्हणत होता, काही नाही, घे श्वास, सोड, घे. मी विचारले, तुझा गोळा कसा आहे? त्याने टोपी पिळली. म्हणाला, बरा आहे.

मी सायकल काढली. हौस म्हणून नाही. मालक बघत होते.

डांबर मऊ झाले होते. चाके चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज करत होती. टोपलीत पाण्याची बाटली ठेवली होती, तिच्यातले पाणी चहाला चालले असते. सायकल पुरी केली. मग धावणे. थोड्या वेळाने घाम यायचा थांबला. शरीर उन्हाला सरावले, असे वाटून बरे वाटले. मग अंगावर काटा आला. मग समोरचा रस्ता उभा राहिला, आणि झाडे खाली बसली, आणि मला कळले की बसलो आहे मी. त्या वेळी खरोखर वाटले की इथून उठणे आपल्याकडून होणार नाही. छाती कोणी आतून ठोकत होते. लांब्या तिथे कुठून आला कळले नाही. पोहण्याच्या चड्डीवर, अनवाणी, त्या डांबरावर. ॲम्ब्युलन्सला हात करत होता.

बाकीचे रस्ते बंद होते, म्हणून ॲम्ब्युलन्स अंतिम रेषेच्या कमानीतूनच न्यावी लागली. म्हणजे रेषा मी ओलांडली. ड्रायव्हरला वेळ लिहून घ्यायला सांगितले. सिस्टरनी माझ्या काखेत बर्फ ठेवला आणि म्हणाल्या, गप पडा.

प्रथमोपचाराच्या तंबूत मालक आले. म्हणाले, पाण्यात काय गोंधळ चालला होता तुमचा? लांब्या शेजारीच होता, माझ्यासाठी केळे सोलत. मी म्हणालो, लांब्याच्या पायात गोळा आला. मी त्याच्यासाठी थांबलो.

लांब्याने केळ्याचे साल नीट घडी करून बाजूला ठेवले.

मालकांनी लांब्याला विचारले, खरं का? लांब्या म्हणाला, हो, गोळा आला होता. आणि केळे माझ्या हातात दिले.

१२ मे.
ताप. तो हो का म्हणाला?

१६ मे.
दुकानात गेलो. लांब्या कॉलरची वरची गुंडी लावून काम करतो आहे, ह्या उकाड्यात. ओरखडे दिसू नयेत म्हणून. तो तोंड उघडतो तेव्हा माझ्या हातातला ब्रश थांबतो. आज त्याने तीन वेळा तोंड उघडले. एकदा पट्टी मागितली. एकदा जांभई दिली. एकदा नुसतेच उघडले आणि मिटले. हे तिसरे सगळ्यांत वाईट.

तो वेळ बघून सांगणार. मी त्याच्या जागी असतो तर सांगितले असते.

२० मे.
मालकांनी बोलावले. ते म्हणाले, नियमाने दोघांचीही स्पर्धा पुरी झाली नाही. पण तू निदान रेषा तरी ओलांडलीस, मग गाडीत बसून का होईना. आणि लांब्या तर चाललाच. मी म्हणालो, कुठे? मालक म्हणाले, तुला सांगितलं नाही त्याने? तलावावरचे सर त्याला त्याच दिवशी म्हणाले, पाण्यात गळ्यात पडलेल्या माणसासकट जो भिंत गाठतो तो मला नोकरीला हवा. पगार इथल्यापेक्षा जास्त.

म्हणजे सरांनी पाहिले होते. सरांनी मालकांना सांगितले होते. मालक दोन्ही गोष्टी अशा शेजारी शेजारी ठेवून बोलले, जसे काही त्या भांडत नाहीत. मग किल्ली दिली. म्हणाले, दुसरं आहे कोण?

स्वतःच्या गुणांवर दुकान मिळाले.

२ जून.
नवीन दुकान. पत्र्याचे. एक खिडकी, तीही पश्चिमेला. दुपारी ब्रश डब्यातून पाटीपर्यंत नेईतो रंग सुकतो. गिऱ्हाईक आले नाही. एक बाई आली, तिला झेरॉक्स हवे होते. टर्पेंटाइन मागायला कोणी नाही, ते माझ्याकडेच आहे.

११ जून, बुधवार.
पहिली ऑर्डर. तरणतलावाची. 'पुढे खोल पाणी आहे. पोहता येत नसल्यास जाऊ नये.' दोन दिवस घेतले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझे नाव. 'खोल'चा 'ख' माझ्या हातून यापूर्वी इतका सुरेख कधी आला नव्हता.

पाटी लावून देणे ऑर्डरमध्येच होते. खोल बाजूच्या खांबावर, अगदी काठाशी. स्टुलावर चढलो आणि खाली पाहिले. मग हातोडी उचलता येईना. खालीही उतरता येईना. किती वेळ तसा होतो माहीत नाही. पोरे पोहायची थांबून बघत होती. एक जण म्हणाला, काका रडतायत का?

लांब्या आला. गळ्यात शिट्टी. मानेवरच्या खुणा आता पुसट आहेत. त्याने मागून माझी कंबर धरली. म्हणाला, मार खिळा, धरलंय मी. मी चारही खिळे मारले. उतरल्यावर त्याने माझी हातोडी पिशवीत ठेवली आणि कोणाला ऐकू जाणार नाही असे म्हणाला, संध्याकाळी पाचच्या बॅचमध्ये जागा आहे बघ.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. मला पाण्याची भीती नाही. मग म्हणालो, पाच म्हणजे बरोबर पाच ना?

खर्च: टोपी ८०. गॉगल ३५०. काकांच्या सायकलचा पुढचा टायर, डांबरात गेला, ४२०. अंडी ६०. औषधे २१५.
जमा: पाटी, लावण्यासकट, ९००. मालकांच्या गल्ल्यात.
देणे: पोहण्याचा वर्ग, बालगट, वय पाच ते आठ, उथळ बाजू, पहिला महिना, ६००. लांब्या म्हणाला, सावकाश दे.