ओलं फडकं

बाबा, आईला परवापासून वाशीमला दवाखान्यात ठेवलंय. आतडं अडलंय. नाकात नळी, हाताला सलाईन, तोंडाने काही द्यायचं नाही. ऑपरेशन उद्या. मी उशाशी बसून थकले आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही वर्षातले अकरा महिने रिसोडचे कंपाउंडर आणि एक महिना राखीव सैन्याच्या फील्ड हॉस्पिटलचे. कॅम्पला निघण्याआधी सराव घरीच व्हायचा. मी दहा वर्षांची आहे, आणि स्वयंपाकघरात सतरंजीवर आई जखमी होऊन पडली आहे. जखमी आला की आधी तपासायचं, गळ्यात कार्ड बांधायचं, मग कार्ड पाहून डॉक्टरांच्या तंबूत कोण आधी जाणार ते ठरायचं. आईच्या गळ्यातल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर तुम्ही लिहिलंय, ‘पोट’. तिने पाणी मागितलं, मी तांब्या दिला. तुम्ही तो हिसकावून घेतलात. "मारलं तू तिले. पोटात गोळी लागलेल्याले पाणी नाही. रडला तरी नाही. फडकं ओलं कर अन् ओठाले लाव." आई पडल्या पडल्या म्हणाली, "मेली तं मेली. पन भाकरी कोन टाकन?"

पुढे लढाई झाली, तुम्हाला बोलावणं आलं. तिथलं तुम्ही एकदाच बोललात, मी कॉलेजात गेल्यावर. पोटाचं कार्ड बांधलेला एक जवान दुपारभर तुमचा पट्टा धरून पाणी मागत होता. तंबूत त्याचा नंबर लागण्याआधीच तो गेला. नियम बरोबर होता, एवढं म्हणालात आणि अर्ध्या जेवणावरून उठलात.

तुमचं आतडं फुटलं तेव्हाही उशाशी मीच होते. तुम्ही पाणी मागितलंत. मी ओलं फडकं लावलं, तुम्ही तोंड फिरवलंत. "फडकं नको, पोरी. गिलास दे." नियम तुमचाच होता. मी दिला नाही. ऑपरेशनच्या टेबलावरून तुम्ही परत आला नाहीत. घरी आईने एकच विचारलं, त्यांनी पाणी मागितलं होतं का. मी म्हटलं, नाही. एकदाही नाही.

आज सिस्टरने आईचे ओठ ओले करायला सांगितलं. ओठ फुटलेत, जीभ कोरडी पडली आहे. फडकं जवळ नेताच तिने दात आवळले. "तुह्या बापानं नाही मागतलं," ती म्हणाली, "मी कायले मागू?"

फडकं हातातच वाळलं. मी ते पुन्हा भिजवून आणलं आहे. खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.