गोड वाजणारी ऐरण

नेर,
आश्विन शुद्ध पंचमी, १९६२

प्रिय सदा,

हे पत्र एकटा असताना वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे. माझं पत्र आलं की ओसरीवर बसून मोठ्याने वाचतोस आणि बाबा मध्येच थांबवून पुन्हा वाचायला लावतात. या वेळी तसं करू नकोस. म्हणूनच टपालात न टाकता वणीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं आहे, तुझ्याच हातात द्यायचं बजावून.

मागे यांनी लखीरामच्या तांड्यावरून एक जुनी ऐरण आणली. तांड्याचे लोक पूर्वी बैलांवर माल वाहायचे, तेव्हा बैलांना नाल ठोकायला घेतलेली. आता ते शेती करतात, ऐरण गोठ्यात पडून होती. कुणी घडवली ते लखीरामलाही सांगता येईना. नाव नाही, खूण नाही. आपल्या लोकांत ऐरणीवर नाव घालतंच कोण? जिच्या पाया पडायचं तिच्यावर स्वतःचं नाव कसं कोरायचं. लखीराम एवढंच म्हणाला, "कोनं बनवली ते नाई मालूम, पन आवाज आयका." यांनी हातोडी मारून पाहिली आणि तिथेच भुलले. ऐरण आवाजावरून घ्यायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. घरी आल्यावर दिवसभर तेच कौतुक. मी म्हटलंसुद्धा, माझ्या भाजीचं एवढं कौतुक कधी केलं नाहीत.

बाभळीच्या ओंडक्यावर बसवली, हळदकुंकू वाहिलं आणि रीतीप्रमाणे रिकाम्या ऐरणीवर घणाचा पहिला घाव घातला. कडेचा कपचा उडाला. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल. हे मानेवर हात ठेवून हसले, म्हणाले काहीतरी चावलं. मग खाली बसले. रक्त फारसं आलंच नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. शेजाऱ्यांनी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. त्यांचं शेवटी लिहिते. आधी ऐरणीचं लिहू दे, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही.

गावातले लोहार गोळा झाले. सगळ्यांत वडीलधारे भगवानराव. त्यांनी कपचा उडालेली जागा उजेडात पाहिली, आतला दाणा पांढरा, साखरेसारखा. म्हणाले, "याले पानी लय चढवलं. गोड वाजावं म्हनून केलं कोनंतरी, कडा काचावानी झाल्या. असा मानूस एकच बनवून थांबत नसते." मग जो तो कारागिराचा माग काढू लागला. कुणी म्हणालं रेल्वेच्या कारखान्यातली, कुणी फिरत्या लोहारांवर घातलं. दोघंतिघं तर त्याला शोधून जाब विचारायच्या गोष्टी करत होते.

ते गेल्यावर मी ऐरण पुसायला बसले. पुसता पुसता बोट ऐरणीला असतं त्या चौकोनी भोकात गेलं आणि मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. भोक वर अरुंद आहे, खाली रुंद. सदा, सगळे लोहार भोक तोंडावरून, म्हणजे वरून पाडतात. खालून पाडणारा आपण एकच पाहिला आहे. ऐरण पालथी घालून बाबा काय म्हणायचे आठवतं ना? देवीच्या तोंडावर पहिला घाव भोकाचा नको. लोक त्यांना हसायचे. मी भाता ओढायची, तू पाण्याच्या घागरी आणायचास, आणि लाल झालेली ऐरण नाल्याच्या गार पाण्यात उतरली की बाबा कान लावून बसायचे. जितकी गोड वाजेल तितके ते खूश. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला त्यांचा राग येतो आणि येतही नाही, दोन्हीने जीव कासावीस होतो. मी कुणाला काही बोलले नाही.

तुझ्या भट्टीतली ऐरण त्यांच्याच हातची, आणि तीच सगळ्यांत गोड वाजते. रोजच्या कामात घण आणि ऐरणीमध्ये तापलेलं मऊ लोखंड असतं, म्हणून आजवर निभावलं. पण दसऱ्याला पूजा झाली की बाबा रिकाम्या ऐरणीवर सगळा जोर लावून घाव घालतात. तू बाजूला, वहिनी धाकटीला कडेवर घेऊन समोर, सगळे दाटीने उभे. भोक चाचपलं तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाही. घण ठेवून द्या म्हटलं तर बाबा कारण विचारतील, आणि कारण कळलं तर ते जगणार नाहीत.

आता यांचं. हे परवा दुपारी गेले, सदा. तुला न बोलावता सगळं उरकलं, राग धरायचा तर धर. तार केली असती तर बाबा तुझ्याबरोबर इथे आले असते, आणि ऐरण अजून अंगणातच आहे, त्यांनी ती पाहताच ओळखली असती. बाजारची माणसं बातमी घेऊन पोचायच्या आत तूच बाबांना सांग, जावई तापाने गेला. जावई गेल्यावर घरात यंदा सण नाही, पूजा नाही, बाबा घणाला हात लावणार नाहीत आणि का म्हणून विचारणारही नाहीत. तेवढ्यात तुझ्या भट्टीतली ऐरण काढून खोल पुरून टाक. माझा माणूस गेला म्हणून तुला हा एक दसरा मिळाला आहे, तो वाया घालवू नकोस.

तुझीच,
ताई